कलकत्त्याचा क्रम

कालीघाटच्या ट्रामरस्त्यावर छत्र्या दुरुस्त करणाऱ्याचं एक दुकान होतं आणि त्याच्या माथ्यावर मराठी मंडळाची खोली. खोलीत एक सतरंजी, गणपतीच्या मखराचे सुटे करून ठेवलेले भाग, एक सूर बिघडलेली पेटी आणि पुस्तकांचं लोखंडी कपाट. आठवडाभर खोलीला कुलूप असे. रविवारी सकाळी कालिंदी देवळे बेहाल्याहून ट्रामनं यायची, कुलूप काढायची, खिडक्या उघडायची आणि कपाटाशेजारी पाट टाकून बसायची. कुणी सांगितलं म्हणून नव्हे. आधीच्या बाई बदलून गेल्या, किल्ली कुणाच्या तरी हातात द्यायची होती, ती हिच्या हातात आली. त्यालाही आता बरीच वर्षं झाली होती.

मराठी पुस्तक त्या काळी कलकत्त्यात दुकानात मिळत नसे. ते माणसाबरोबर यायचं. ज्याला रजा मिळेल तो मुलखाला जायचा आणि परत येताना ट्रंकेत मेतकूट, कुळथाचं पीठ, लोणच्याची बरणी आणि मंडळासाठी एखाद-दुसरं पुस्तक घेऊन हावड्याला उतरायचा. लेखकानं कधी लिहिलं, छापणाऱ्यानं कधी छापलं, याला इथं मोल नव्हतं. कुणाच्या बहिणीचं लग्न निघालं, कुणाचा बाप अंथरुणाला खिळला, त्यावर पुस्तकाचं येणं ठरे. आलं की कालिंदी त्याला खाकी कव्हर घालायची आणि पाठीवर पांढऱ्या रंगानं आकडा काढायची. आधी येईल त्याचा आकडा आधी.

आणि त्या आकड्याला मंडळात मान होता. पुस्तकं थोडी आणि वाचणारी तोंडं फार, तेव्हा मंडळ स्थापणाऱ्या नारायणरावांनी फार पूर्वी एक शिस्त घालून दिली होती. एकाच लेखकाची पुस्तकं असतील तर लहान आकड्याचं वाचून परत केल्याशिवाय मोठ्या आकड्याचं मागायचं नाही. पंगतीत वाढप्यानं वरणभाताआधी जिलबी वाढू नये, तसं. नारायणराव गेले, पण शिस्त राहिली. मुलखापासून दूर पडलेली माणसं शिस्त सोडत नाहीत. त्यांच्याजवळ सोडण्यासारखं आधीच फार उरलेलं नसतं.

या शिस्तीपायीच कलकत्त्यात एक गोष्ट घडली, जी पुण्यात किंवा साताऱ्यात कुठं घडली नसती.

दामोदर सांगवीकर नावाच्या लेखकाच्या चार कादंबऱ्या होत्या. हिरडगावच्या मोकाशी घराण्याची ती एकच लांबलचक कथा, चार पुस्तकांत वाटलेली. मंडळातल्या बायकांना तिनं वेड लावलं होतं. मोकाशांची थोरली सून त्यांना सख्ख्या जावेसारखी ठाऊक होती. पहिली दोन पुस्तकं आली तशी आली, त्यांचं काही बिघडलं नाही. मग एका रेल्वेतल्या बाबूंनी 'कोरडी बारव' आणलं. त्यात मोकाशांचा धाकटा मुलगा विश्राम बापाशी भांडून परागंदा झालेला असतो. शेवटी एक हरभऱ्याचा व्यापारी बारवेवर पाणी प्यायला थांबतो आणि सांगतो, तुमचा विश्राम गेला, तिकडं खाली, साथीत. आई ऐकते. तिच्या हातातला पोहरा पाण्यात जातो, रिकामा वर येतो, पुन्हा जातो. तिथं पुस्तक संपतं. ते वाचून शकुन नावाच्या बाई, ज्यांचा जन्मच भवानीपूरचा, आठवडाभर माशाला शिवल्या नव्हत्या.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, कुणाच्या तरी रद्दीतून सोडवून, 'परतीचं गाडं' आलं. त्याची आवृत्ती संपली होती, ते मिळतच नव्हतं. त्याच्या पाठीवर कालिंदीनं सगळ्यांत मोठा आकडा काढला. त्यात विश्राम घरी येतो. संध्याकाळी गाडं दारात उभं राहतं आणि आई उंबऱ्यातून म्हणते, "तू नाहीसच असं धरून बसले होते रे." ती ओळ मंडळातल्या बायकांना पाठ होती. व्यापाऱ्याची बातमी खोटी ठरली, पोर जिवंत परतलं, आणि लेखकानं सगळ्यांची हाय घेता घेता टाळली, असं कलकत्त्यानं धरलं. लेखकानं कुठं साल घातलं नव्हतं. धरलं ते चपखल बसलं. मुलखातून कुणी पाहुणा येऊन म्हणालाच की तुमचं काहीतरी उलटं होतंय, तर सतरंजीवरच्या बायका त्याला चहा देऊन गप्प करत.

कालिंदी स्वतः मावळातली. भातखाचरांच्या कडेला वाढलेली. मनोहर देवळ्यांशी लग्न करून आली तेव्हा ते हावड्याच्या एका ओतकामाच्या कारखान्यात नकाशे काढत, पुढं तिथंच मोठे झाले. बेहाल्यात दोन खोल्यांचं बिऱ्हाड. एकच मुलगा, जयप्रकाश. इथंच जन्मला, इथल्याच शाळेत गेला. त्याची मराठी आईच्या मांडीपुरती होती, बाकी सगळा बंगालीत वाढला. मित्र त्याला जॉय म्हणत. "आई, मी भात नाही खाणार, मला भूक लागत नाही आहे," असं काहीतरी तो बोले आणि मनोहर हसून म्हणत, "याला एकदा मावळात नेऊन मुरायला घातला पाहिजे."

नेणं झालं नाही. कॉलेजात गेल्यावर तो पुस्तकं वेगळी वाचू लागला, रात्री उशिरा येऊ लागला, भिंतींवरच्या घोषणांच्या रंगाचे डाग शर्टाच्या बाहीवर घेऊन येऊ लागला. सत्तर सालचा दसरा होऊन गेल्यावर एका सकाळी तो चहा पिऊन गेला. त्या वर्षी बेहाल्यातल्या कितीतरी घरांतून मुलं अशीच चहा पिऊन गेली. पुढच्या श्रावणात त्याच्या वयाचा एक मुलगा दारात उभा राहिला. आत यायला तयार होईना. पायरीवरूनच म्हणाला, "माशीमा, जॉय आर नेई." जॉय आता नाही. कुठं, कसं, कुणी, हे विचारायच्या आत तो गल्लीच्या तोंडाला पोचला होता. पुन्हा कधी दिसला नाही. देह नाही, कपडा नाही, कागद नाही. मनोहरांनी जिथं विचारायचं तिथं विचारलं. जे उत्तर देऊ शकत होते ते बोलले नाहीत आणि जे बोलले त्यांना काही ठाऊक नव्हतं.

कालिंदी रडली नाही. लावणीच्या दिवसांत गार पाण्यात तास न् तास उभं राहिलं की पाय आपले राहत नाहीत. काटा मोडला तरी कळत नाही, बांधावर आल्यावर रक्त दिसतं तेव्हा कळतं. तिचं सगळं तसं झालं होतं, फक्त बांध कुठं लागत नव्हता. स्वयंपाक होत होता. रविवारी कुलूप उघडत होतं. कुणी हसण्यासारखं बोललं तर ती हसत होती, आणि ते हसू चेहऱ्यावर ठेवलं तिथं राहून जायचं, काढून घ्यायचं तिला आठवत नसे.

मंडळात तिच्यासमोर कुणी विषय काढत नसे. पण 'परतीचं गाडं' मागायला आलेली प्रत्येक बाई ते परत करताना कालिंदीचा हात जरा जास्त वेळ धरायची. शकुन तर एकदा उघडच म्हणाली होती, "बातमीचं काय घेऊन बसलीस, कालिंदी. बातम्या येतात. आपल्या विश्रामची नव्हती का आली?" कालिंदीनं मान हलवली होती. तिनं तेव्हापासून तेच धरलं होतं. बातमी आली. आता गाडं यायचं राहिलं.

मनोहरांनी बातमी मानली होती. पुरुषमाणूस, आयुष्यभर मोजमापाचे नकाशे काढलेला. उघडी रेघ त्यांना सहन होत नव्हती. निवृत्ती जवळ आली होती, भावानं गावचं घर शाकारून ठेवलं होतं. पण मुलाचं काही न करता हे शहर सोडायचं त्यांना धजेना. बडाबाजारातल्या गुरुजींना त्यांनी विचारून पाहिलं होतं. गुरुजी म्हणाले होते, माणूस नुसता बेपत्ता असेल तर बारा वर्षं थांबतात. बातमी आली असेल आणि घरच्यांनी ती मानली असेल, तर थांबायचं कारण नाही. पळसाच्या पानांचा देह करून विधी होतो. मात्र आईबापांचं एकमत हवं.

ते एकमत काही होत नव्हतं. मनोहर महिन्या-दोन महिन्यांनी विचारत, "बोलवू का गुरुजींना?" कालिंदी म्हणे, "बघू." ती नाही म्हणत नसे. नाही म्हणाली असती तर त्यांना भांडता आलं असतं.

चौऱ्याहत्तरच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी मंडळात वृंदा नावाची एक तरुण बाई आली. नवऱ्याची बँकेत बदली झाली होती, पुण्याहून येऊन पंधरवडाही झाला नव्हता. हातात दोऱ्यानं बांधलेलं पुडकं. मंडळाचे चिटणीस श्यामराव, सत्तरीला आलेले, पेटीच्या भात्याला चिकटपट्टी लावत बसले होते. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं.

"पुण्याचं माणूस हावड्याला उतरलं की आधी पुलाला नावं ठेवतं, मग माशाला आणि मग आम्हाला. तुम्ही कुठवर आलात?"

"पुलापर्यंतच. पण मला पूल आवडला."

"शकुनबाई, लिहून ठेवा. यांचं इथं जमणार."

"जमेल हो," शकुन म्हणाली, "आधी लाइट जाऊ देत एकदा. मग बघू कसं जमतं."

"काल चारदा गेले," वृंदा म्हणाली.

"चारदाच? मग तुम्ही चांगल्या वस्तीत राहता."

सगळे हसले, वृंदाही. मग तिनं कालिंदीपुढं बसून पुडकं सोडलं. आत सांगवीकरांच्या चारही कादंबऱ्या, कोऱ्या करकरीत, नव्या आवृत्तीच्या. शाईचा वास खोलीभर झाला. बायका गुडघ्यांवर सरकत जवळ आल्या.

"मंडळाला माझ्याकडून," वृंदा म्हणाली. "या खेपेला लेखकानं प्रस्तावना लिहिलीय. आणि बघा, प्रत्येकावर भाग छापलाय. पूर्वी नव्हता, लोकांचा घोटाळा व्हायचा म्हणे."

ती उठून कपाटाशी गेली. जुन्या चारांच्या शेजारी नवी चार लावू लागली आणि थांबली.

"काकू, यातली शेवटची दोन उलटी लागलीत. 'परतीचं गाडं' तिसरं. 'कोरडी बारव' चौथं. बारवेवर संपतं ना सगळं."

खालून छत्रीच्या काड्या सरळ करण्याचा टकटक आवाज येत होता.

"तुमच्याकडं संपत असेल," शकुन म्हणाली. "आमच्याकडं गाड्यावर संपतं."

वृंदाला ती थट्टा वाटली. "म्हणजे इथं विश्राम मेल्यावर घरी येतो?"

"मेला असं कुणी पाहिलंय? एक हरभरेवाला येतो, पाणी पितो, सांगून जातो. हरभरेवाल्याच्या तोंडाला लागून आम्ही पोराला का मारायचं?"

"अहो, पण लेखकानंच प्रस्तावनेत..."

"लेखक कलकत्त्याला येऊन गेलाय का कधी?" श्यामराव म्हणाले. त्यांच्या आवाजात नेहमीचा मिस्कीलपणा होता, पण तो पुरा पडला नाही. कुणी हसलं नाही. वृंदा एकेकीच्या तोंडाकडं पाहू लागली. आपण कशावर पाय दिला ते तिला कळेना, पण काहीतरी पायाखाली मोडलं एवढं कळलं.

कालिंदी उठली. तिनं कपाटातून ती चार नवी पुस्तकं काढली आणि पदरानं पुसली, त्यांच्यावर धूळ नव्हती तरी.

"ही मी घरी नेते," ती म्हणाली. "कव्हरं घालायची आहेत. आकडे घालायचेत."

ट्राममध्ये तिनं ती मांडीवर धरली. काही वाटलं नाही. वाटेल म्हणून ती वाट पाहत होती, माझेरहाटचा पूल गेला, तारातल्लाचा चौक गेला, बेहाला आलं.

मंगळवारी दुपारी वृंदा बिऱ्हाड शोधत आली. रविवारी मंडळाच्या जिन्यातच शकुननं तिला सगळं सांगितलेलं असणार. दारात उभी राहिली तेव्हा तिचे डोळे सुजलेले होते.

"काकू, मला माहीत नव्हतं."

"तुम्हाला कसं असणार? या, बसा. चहा टाकते."

"नको. मी पुस्तकं न्यायला आले. जुनी आहेत तशीच राहू द्या कपाटात. मी कुणाला काही बोलणार नाही. इथं असंच वाचतात तर असंच वाचू दे."

कालिंदीनं तरीही चहा टाकला. शेजारच्या अंगणात कुणीतरी कोळशाची शेगडी पेटवली होती, धूर खिडकीतून आत येत होता. तिनं कप वृंदापुढं ठेवला आणि समोर बसली.

"तुम्ही ती तशीच वाचलीत? तिसरं आधी?"

"हो. आईनं आणून दिली तशी."

"म्हणजे गाडं दारात येतं तेव्हा पुढं काय आहे ते वाचणाऱ्याला ठाऊक नसतं."

"नसतं."

"मग कसं वाटतं?"

वृंदानं जरा विचार केला. खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं असेल, पण ती बोलली नाही. "फार बरं वाटतं, काकू. चौथं पुस्तक शेजारीच पडलेलं असतं, पण ते उघडावंसं वाटत नाही. मी तर महिनाभर उघडलं नव्हतं."

"असं," कालिंदी म्हणाली. जाताना वृंदानं पुस्तकांकडं पाहिलं. कालिंदी म्हणाली, "राहू देत. मला वाचायची आहेत."

बुधवारी मनोहर कारखान्यात गेल्यावर ती खिडकीशी बसली. लाइट गेलेले होते, पण उजेड बरा होता. तिनं 'परतीचं गाडं' उघडलं. आजवर ते तिनं किती वेळा वाचलं होतं याची मोजदाद नव्हती. पण प्रत्येक वेळी ते बारवेवरून चालत येऊन वाचलं होतं, मेलेल्या पोराचं ओझं डोक्यावर घेऊन, ते कधी उतरतंय याची घाई करत. या खेपेला डोक्यावर काही नव्हतं. पोर घरून गेलं आहे आणि येत नाही, एवढंच होतं.

गाडं आलं. आई उंबऱ्यातून म्हणाली, तू नाहीसच असं धरून बसले होते रे. आणि ती ओळ, जिच्यावर सतरंजीवरच्या बायकांनी इतके डोळे पुसले होते, नुसतं रागावणं होतं. कुठलीही आई उशिरा आलेल्या पोराला म्हणेल असं. मग विश्राम पाय धुतो, दूधभाकरी कुस्करून खातो, घोंगडीवर पडतो. दुसऱ्या दिवशी दावं वळतो. गोठ्याची ताटी बांधतो. चार महिने असंच काही काही चालतं, त्यात मोठं असं काही होत नाही. कलकत्त्यानं ही पानं घाईनं उलटली होती. येऊन पोचला, झालं, पुढं काय वाचायचं. आणि अगदी शेवटच्या पानावर विश्राम पहाटे बैल जुंपतो आणि गाडं वेशीबाहेर नेतो. कलकत्त्यानं त्याला आजवर शेतावर पाठवलं होतं. शेताचं नाव त्या पानावर कुठंच नव्हतं.

कालिंदीनं पुस्तक मिटलं. चौथं शेजारी होतं. ते तिनं उघडलं नाही.

जयप्रकाश एकदा घरी आला होता.

हे आधीच सांगायला हवं होतं, पण तिच्याही मनात ते इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आलं, ते या जागी. तो दसऱ्यानंतर गेला आणि मार्गशीर्षात एका संध्याकाळी आला. गुरुवार होता. तिसरा गुरुवार. तिचा उपास होता, घट मांडलेला होता, नैवेद्याला तांदळाची खीर केलेली होती. हावड्याकडं बंद होता, गाड्या नव्हत्या, मनोहर कारखान्यातच अडकले होते. दार वाजलं तेव्हा तिला वाटलं, शेजारची सवाष्ण हळदीकुंकवाला आली. तर तो. दाढी वाढलेली, पायात दोन वेगळ्या चपला.

तिनं त्याला काय म्हटलं होतं? रागावली होती. "ही काय वेळ झाली," असं काहीतरी, जणू तो दुपारी बाहेर पडला होता. तो हसला. हातपाय धुतले. देवीपुढचं ताट तिनं तसंच त्याच्यापुढं सरकवलं. त्यानं खीर दोनदा घेतली. म्हणाला, "आई, माझे पाय दुखते." तिनं तळव्यांना तेल चोळलं. टाचांना भेगा पडल्या होत्या, लावणीतल्या माणसांच्या पडतात तशा. चोळता चोळताच तो झोपला. पहाटे उठून, तिला उठवून, गेला. "बाबांना सांग, मी बरा आहे," म्हणाला.

तिनं बाबांना सांगितलं होतं. मनोहर तेव्हा संतापले होते. "आलेल्याला जाऊ कसं दिलंस? दाराला कडी घालता आली नाही?" एवढं बोलून ते गप्प झाले, आणि पुढं त्या संध्याकाळबद्दल घरात कुणीच बोललं नाही. श्रावणात बातमी आली. बातमीच्या अलीकडचं सगळं तिच्या लेखी पुसलं गेलं, आणि पलीकडं तो येणार म्हणून ती दाराकडं बघत बसली. त्या येण्यापुढं हे येणं कुठं मोजायचं? हे तर आधीचं. हे तर त्यात धरलेलंच नव्हतं.

बाहेर कुणी तरी रिक्षावाल्याशी भाडं ठरवत होतं. रडू येईल असं तिला वाटलं, पण आलं नाही. फक्त पायांना मुंग्या आल्यासारखं झालं. ती उठली, थोडा वेळ खांबाला धरून उभी राहिली, आणि मग रंगाची डबी शोधायला गेली.

तिनं चारही पुस्तकांना कव्हरं घातली. कुंचला पाण्यात भिजवून मऊ केला. या खेपेला आकडे भागांचे. एक. दोन. 'परतीचं गाडं' घेतलं आणि त्याच्या पाठीवर तीन काढला. तिचा हात कधी हलत नसे, आताही हलला नाही. 'कोरडी बारव'वर चार काढला. मग चारही खिडकीत वाळत ठेवली.

मनोहर संध्याकाळी आले. घामेजले होते, ट्राम चौकातच बंद पडल्यामुळं चालत आले होते. पाणी पिताना त्यांची नजर खिडकीकडं गेली. मंडळात काय झालं ते श्यामरावांकडून त्यांना कळलं होतं, पण त्यांनी घरात काही काढलं नव्हतं. त्यांनी आकडे वाचले. भांडं खाली ठेवलं.

"मंडळात चालेल हे?"

"पुस्तक जसं आहे तसं लावायला नको?" ती म्हणाली. "नव्यानं येणाऱ्यांनी तरी आधी गाडं वाचावं."

"शकुनबाई भांडतील."

"भांडू दे."

कपडे बदलून आले, खाली बसले. तिनं पान वाढलं. त्यांनी दोन घास खाल्ले असतील.

"तुम्ही गुरुजींना बोलावणार होतात ना?" कालिंदी म्हणाली.

त्यांचा हात तसाच ताटात राहिला.

"बोलवा," ती म्हणाली.

गुरुजी रविवारी दुपारी आले, मंडळ उरकून कालिंदी परतल्यानंतर. ठेंगणे, थकलेले गृहस्थ. काखेच्या पिशवीत त्यांनी मागच्या सालांची पंचांगं आणली होती. पळसाची पानं सियालदहच्या बाजारात पुरुलियाच्या बायका आणतात, ती आपण पाहू, म्हणाले. दर्भ आहे. नारळ घरचा द्या. मग चष्मा लावला.

"तिथी कोणती धरायची? गेल्याचा दिवस ठाऊक नसतो तेव्हा घरातून गेला तो दिवस धरतात. नाहीतर बातमी कळली तो."

"घरातून गेला तो," मनोहर म्हणाले. "सत्तर साल. दसरा झाल्यानंतर... "

"तो नाही," कालिंदी म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. दोघांनीही मान वळवली.

"त्यानंतर तो आला होता. मार्गशीर्षातला तिसरा गुरुवार. संध्याकाळी आला, जेवला, झोपला. पहाटे गेला. घरातून गेला तो तेव्हा."

गुरुजींनी मनोहरांकडं पाहिलं. मनोहर सतरंजीकडं पाहत होते. गुरुजींनी जुनं पंचांग काढलं, बोटाला थुंकी लावून पानं उलटली. "वद्य पक्ष लागला होता," ते म्हणाले. "पहाटे म्हणजे, उजाडल्यावर की आधी?"

"आधी. चांगला काळोख होता."

"मग शुक्रवार नव्हे. सूर्य उगवेपर्यंत दिवस आदलाच. गुरुवारचीच तिथी." त्यांनी तिथं बोट ठेवलं आणि मनोहरांना म्हणाले, "ही चालेल ना?"

मनोहर बोलले, पण गुरुजींशी नाही.

"काय जेवला?"

"खीर," कालिंदी म्हणाली. "दोनदा घेतली."

"आणि?"

"भात होता. वरण होतं. भाजी त्यानं बाजूला सारली, भोपळ्याची होती."

"त्याला आवडत नसे."

"नाही."

"काही बोलला?"

ती आत आली. भिंतीला टेकून, पाय पोटाशी घेऊन बसली, आणि सांगू लागली. पाय दुखतात म्हणाला. चपला दोन वेगळ्या होत्या, एक जरा मोठी. तेल चोळता चोळता झोपला. तिचा आवाज वर गेला नाही, खाली गेला नाही. मनोहर मध्ये मध्ये काही विचारत होते, आणि ती त्यावर सांगत होती. गुरुजींनी बोट पंचांगातच ठेवलं आणि थांबून राहिले.